चिमणीच्या सावलीतली दुकाने

(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. त्यामुळे वार्षिकांकासाठी काय लिहावे, हे घरात कोणाला विचारण्याची सोय नव्हती. मित्रांनी कविता लिहायला सांगितले. पण यमक धरले की अर्थ सुटतो आणि अर्थ धरला की यमक पळते, असा माझा अनुभव आहे. तेव्हा गेल्या मे महिन्यात मुंबईला जे पाहिले आणि तेव्हापासून जे डोक्यात घोळते आहे, ते सरळ गद्यातच लिहितो. विषय वरवर पाहता साताऱ्याचा नाही. एका जुन्या कापड गिरणीची बाजारपेठ झाली, ज्याला आता मॉल म्हणतात ती झाली, त्याविषयी आहे. पण मुंबईच्या गिरणगावात सातारा-सांगलीचा घाम इतका मुरला आहे की, हा विषय आपला नाही असे आपल्याला म्हणता येणार नाही.

आधी थोडे घरचे सांगतो. माझे आजोबा (आम्ही सारे त्यांना आबा म्हणतो) माण तालुक्यातले. विसाव्या वर्षी मुंबईला गेले आणि लोअर परळच्या एका गिरणीत लागले. 'लागले' म्हणायला सोपे. प्रथम ते 'बदली' होते. म्हणजे पाळीच्या आधी दरवाजावर जाऊन उभे राहायचे. कायम कामगारांपैकी कोणी आला नाही तर त्याच्या जागी आत जायचे, नाही तर आल्या पावली परत. अशी काही वर्षे काढल्यावर साचेखात्यात, म्हणजे मागांच्या खात्यात, ते कायम झाले. राहायला गावकऱ्यांची 'बैठकीची खोली'. एका खोलीत वीस-पंचवीस माणसे. पाळ्या तीन, म्हणून झोपही पाळीपाळीने. प्रत्येकाची एक पत्र्याची पेटी आणि भिंतीला एक खिळा, एवढीच मालमत्ता. जेवण खानावळीत. अशा खानावळी चालवणाऱ्या बायकांना एकत्र आणून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले, हे मला कॉलेजात आल्यावर कळले. आबांना मात्र खानावळीतल्या मावशी आणि त्यांची आमटी, एवढेच आठवते.

१९७२ च्या दुष्काळात माणदेशात विहिरींचे तळ दिसू लागले, तेव्हा आमचे घर आबांच्या मनिऑर्डरीवर तगले. आजीने मुंबई कधीच पाहिली नाही. तिच्या लेखी मुंबई म्हणजे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात येणारा पोस्टमन. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. 'पंधरा दिवसांत मिटंल' म्हणून आबा गावी आले. तो संप रीतसर मागे घेतल्याचे कोणी कधी जाहीर केलेच नाही! त्या अर्थाने आमचे आबा आजही संपावर आहेत, असे आम्ही घरात हसत म्हणतो. आबा हसत नाहीत. त्या काळात त्यांनी रोजगार हमीच्या कामावर खडी फोडली आणि पुढे सांगली जिल्ह्यात विट्याला एका यंत्रमागावर काम धरले. गिरणीत आठ तासांची पाळी होती, विट्यात बारा तासांची. मुंबईतले मोठे कापड गिरण्यांतून निसटून भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी, विटा अशा गावी गेले, असे आमच्या अर्थशास्त्राच्या पुस्तकात एका वाक्यात लिहिले आहे. त्या एका वाक्यात आबांची बरीच वर्षे मावली आहेत.

आता मूळ विषयाकडे वळतो. लोअर परळला सेनापती बापट मार्गावर फिनिक्स ही १९०५ साली स्थापन झालेली गिरणी होती. संपानंतर हळूहळू तिच्या आवारात दुकाने, उपाहारगृहे, करमणुकीची ठिकाणे आली. काही जुन्या इमारती ठेवून, काही नव्या बांधून पुढे तिथे 'हाय स्ट्रीट फिनिक्स' हा मॉल उभा राहिला. आता त्याला 'फिनिक्स पॅलेडियम' म्हणतात. देशातल्या नामांकित मॉलमध्ये त्याची गणना होते. गिरणीची उंच चिमणी मात्र आवारात अजून उभी आहे.

फिनिक्स हा राखेतून पुन्हा उठणारा पक्षी, हे आपण इंग्रजीच्या तासाला शिकलो. गिरणीचे नाव ठेवणाऱ्याला पुढचे भविष्य दिसले असावे. फक्त राख कोणाची, हे त्या गोष्टीत कोणी सांगत नाही. रस्त्याच्या नावाचीही गंमत पाहा. मुंबईला वीज हवी म्हणून टाटा कंपनी मुळशीला धरण बांधू लागली, तेव्हा जमिनी जाणाऱ्या मावळ्यांच्या बाजूने १९२१ साली जो सत्याग्रह उभा राहिला, त्यातूनच पांडुरंग महादेव बापट हे 'सेनापती' झाले. जमिनीसाठी तुरुंगात गेलेल्या माणसाच्या नावाच्या रस्त्यावर आज देशातल्या महागड्यांपैकी एक जमीन आहे! असो.

आबांची काही जुनी कागदपत्रे मुंबईत एका कचेरीत दाखवायची होती, म्हणून आम्ही दोघे रात्रीच्या एसटीने परळला उतरलो. काम दुपारपर्यंत उरकले. मग आबा म्हणाले, "चल, गिरणीकडं जाऊन यू." त्यांची गिरणी आता नाही. त्या जागी काचेचा मनोरा आहे आणि तिथे आपल्यासारख्याने आत कशाला जायचे, हा प्रश्नच आहे. पण फिनिक्सची चिमणी त्यांच्या ओळखीची. पाळीला जाता-येता रोज दिसायची. म्हणून तिकडे वळलो.

दारावर पिशवी यंत्रातून घालावी लागते. आबांच्या कापडी पिशवीत गिरणीचा पास, फंडाच्या पावत्या आणि भाकरीचे गाठोडे होते. रखवालदाराने पिशवी अदबीने परत दिली. आबा मला म्हणाले, "आमची झडती भाईर पडताना व्हायची, कापड चोरून न्हेलं का म्हणून. ह्यास्नी आत येताना करावी लागती." एवढ्या एका वाक्यात गिरणी आणि मॉल यांतला फरक त्यांनी सांगून टाकला. गिरणीत माल आतून बाहेर जाई आणि माणूस संशयित असे. मॉलमध्ये पैसा बाहेरून आत येतो, तरी माणूस संशयितच!

मला वाटले होते, ते आत जाऊन हळवे होतील. माझ्या मनात या लेखाची पहिली ओळसुद्धा तयार होती. पण झाले उलटेच. आबा थोडा वेळ नुसते उभे राहिले आणि म्हणाले, "लय गार हाय की रं!" मग त्यांनीच सांगितले की, साचेखात्यात सूत तुटू नये म्हणून हवा मुद्दाम दमट ठेवत. करवतीच्या दात्यांसारखी छपरे, वर काचा, खाली शेकडो मागांचा खडखडाट. शेजारच्याशी बोलायचे तर ओठांच्या हालचालीवरून ओळखायचे. कापसाची पिंज नाकातोंडात जायची, अंगावर बनियन टिकत नसे. "त्यातलं काय जपायचं हाय?" असे त्यांनी मला विचारले. माझ्यापाशी उत्तर नव्हते. जुन्या वास्तूंविषयी आपण निबंधात 'वैभव' हा शब्द फार लवकर लिहितो, हे त्या क्षणी माझ्या ध्यानात आले.

एका दुकानात त्यांनी सदऱ्याचे कापड चिमटीत धरून पाहिले, उलटून पाहिले, काठाकडून पाहिले. "कापड चांगलं हाय. कुठं इणलंय?" विक्रेत्या मुलाला ते ठाऊक नव्हते. मी आतली चिठ्ठी वाचली: बांगलादेश. शेजारच्या चिठ्ठीवरची किंमतही वाचली, पण ती आबांना सांगितली नाही. बाहेर चिमणीखाली माझ्याच वयाची मुले-मुली फोटो काढीत होती. त्यांतल्या एकाला मी विचारले, "ही कसली आहे?" तो म्हणाला, "डिझाइन आहे." त्या मुलाचा काही दोष नाही. मलाही आबा नसते तर तसेच वाटले असते. चिमणी काही बोलत नाही. बोलायचा तो भोंगा, आणि त्याला तर कोणी ठेवले नाही.

त्या दिवसापासून मी विचार करतो आहे की, या रूपांतरात नेमके वाईट काय झाले? काही वाईट झाले की नाही? 'जुने पाडले, दुकाने आली, म्हणजे संस्कृती बुडाली' असे म्हणणाऱ्यांत मी नाही. दुकाने मलाही आवडतात. ही पाटलोण मी खण आळीत घासाघीस करून घेतली आहे आणि ती घालून मॉलविरुद्ध लेख लिहितो म्हणून एका मित्राने माझी थट्टाही केली. शिवाय आमचे एक सर वर्गात म्हणाले होते की, वास्तू वापरात असेल तरच टिकते. बंद दाराआडच्या वाड्याला वाळवी आणि भाऊबंदकी दोन्ही खातात. हे खरे आहे. साताऱ्यात राजपथाने चालत जा, डोळ्यांनी दिसते. ऑस्ट्रेलियातल्या सिडनी शहरात भर वस्तीत १८९८ साली बांधलेली क्वीन व्हिक्टोरिया बिल्डिंग आहे. मूळची ती बाजाराचीच इमारत. पुढे तिला इतकी अवकळा आली की, ती पाडून टाका अशा सूचना झाल्या. १९८४ ते १९८६ या काळात तिची डागडुजी करून तिथे पुन्हा दुकाने थाटली, म्हणून ती वाचली. दुकानांनी इमारत वाचते, हे मान्यच करायला हवे.

पण सिडनीच्या त्या बाजाराचा बाजारच झाला. गिरणीचे तसे नाही. गिरणी ही काही नुसती इमारत नव्हती. तिच्याभोवती चाळी होत्या, खानावळी होत्या, भजनी मंडळे आणि तालमी होत्या, गावोगावच्या मंडळांच्या भिश्या होत्या. मुंबईत कावसजी दावर यांनी १८५४ साली पहिल्या कापड गिरणीचा पाया घातला. तेव्हापासून सव्वाशे वर्षे कोकणातून आणि घाटावरून माणसे येत राहिली. आठवड्याला रविवारची सुट्टीसुद्धा कोणी आपण होऊन दिली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी कामगार जमवून ती १८९० साली मिळवली. आज रविवारी मॉलमध्ये जी गर्दी उसळते, तिच्यातल्या कितीजणांना हे ठाऊक असेल? वाटेगावचे अण्णा भाऊ साठे बापाबरोबर पायी मुंबईला गेले आणि त्यांनीही गिरणीत काम केले. वाटेगाव आज सांगली जिल्ह्यात आहे. अण्णा भाऊ जन्मले तेव्हा, १९२० साली, ते सातारा जिल्ह्यातच होते. १९४९ साली दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० साली त्याचे नाव सांगली पडले. त्यामुळे अण्णा भाऊ कोणाचे, असा वाद दोन्ही जिल्ह्यांनी घालायचे कारण नाही. मुद्दा एवढाच की, त्या साचेखात्याच्या उकाड्यातून मराठीतला एवढा मोठा लेखक वर आला. जयंत पवार यांचे 'अधांतर' हे नाटक संपाने मोडलेल्या अशाच एका घराचे आहे. ते वाचताना मला नाटक वाचतो असे वाटलेच नाही.

म्हणून मला वाटते, प्रश्न इमारतीचा कमी आणि हिशेबाचा जास्त आहे. गिरण्यांच्या जमिनी एकूण सुमारे ६०० एकर. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत ५८ क्रमांकाचा नियम होता. त्याचा भावार्थ असा: गिरणीची जमीन विकासाला काढायची तर तिचे ढोबळमानाने तीन वाटे करा. एक वाटा शहराला मोकळ्या जागेसाठी, बागेसाठी, एक वाटा सर्वसामान्यांच्या घरांसाठी, एक मालकाला. माझ्यासारख्या खेड्यातल्या मुलालाही हा नियम चटकन कळतो, कारण भावकीत वाटण्या अशाच होतात. पण २००१ साली त्यात दुरुस्ती झाली. वाटणी सगळ्या जमिनीची नाही, तर गिरणीत आधीपासून जी मोकळी जागा असेल तेवढ्याचीच, असे ठरले. गिरण्यांत मोकळी जागा असते किती? जिथे बांधकाम होते ती जमीन वाटणीतून सुटली. लोक न्यायालयात गेले. २००५ साली मुंबई उच्च न्यायालयाने लोकांच्या बाजूने निकाल दिला, २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. न्यायालयाने कायद्यात जे लिहिले होते त्याचा अर्थ लावला. त्याविषयी मी बोलत नाही. पण कायद्यातला एक शब्द बदलल्याने मुंबईच्या मधोमध होऊ शकणाऱ्या बागा आणि हजारो घरे कागदावरून पुसली गेली. हे आपल्या राज्यशास्त्राच्या अभ्यासक्रमात असायला हवे, असे माझे मत आहे. गिरणी कामगारांच्या घरांसाठी सुमारे दीड लाख अर्ज आले. २०१२ साली पहिली सोडत निघाली ती ६,९२५ घरांची. पुढेही सोडती निघाल्या, पण अर्जांच्या मानाने घरे थोडीच. आबांच्या अर्जाचे काय झाले, हा या लेखाचा विषय नाही.

गिरणगावाने आणखी एक किंमत मोजली. गिरण्यांच्या जागी कचेऱ्या आणि मॉल आले, पण रस्ते, पूल, स्टेशने जुनीच राहिली. २९ सप्टेंबर २०१७ ला सकाळी पाऊस आला आणि एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ माणसे मेली. त्याच वर्षी डिसेंबरात कमला मिलच्या आवारात गच्चीवरच्या उपाहारगृहांना आग लागून १४ जण गेले. त्या स्टेशनाचे नाव आता प्रभादेवी आहे. जुन्या वास्तूचा नवा उपयोग करताना दारापुढच्या वाटेचाही विचार करावा लागतो, हे आपण २३ माणसे गेल्यावर शिकलो.

मग दुसरे काय करता आले असते? पोलंड देशात वुच नावाचे शहर आहे. ते कापड गिरण्यांचेच गाव. तिथे पोझनान्स्की नावाच्या गिरणीमालकाची तांबड्या विटांची प्रचंड गिरणी होती. तीही बंद पडली आणि तिचाही २००६ साली मॉल झाला. नाव 'मानुफाक्तुरा'. पण त्याच आवारात गिरणीचे छोटे संग्रहालय आहे आणि जुन्या साचेखात्यात २००८ पासून चित्रकलेचे संग्रहालय भरते. म्हणजे दुकानेही आहेत आणि इथे कोण राबले हे सांगणारे दोन शब्दही आहेत. वुचमध्ये सगळे आलबेल असेल असे नाही. पण तिथल्या मुलाला 'हे काय आहे?' असे विचारले तर 'डिझाइन आहे' असे उत्तर बहुधा येणार नाही. आपल्याकडे काळाचौकीला इंडिया युनायटेड मिल क्रमांक २-३ च्या जागेवर वस्त्रोद्योगाचे संग्रहालय करण्याची महापालिकेची योजना आहे. तिची चर्चा मात्र माझ्या लहानपणापासून चालू आहे. साचा चालवलेली माणसे आता ऐंशीच्या घरात आहेत. त्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित करून ठेवायला इमारत पुरी होण्याची वाट पाहावी लागत नाही, हे कोणीतरी सांगायला हवे.

आता आपल्या साताऱ्याकडे येतो, कारण मला जे खरे म्हणायचे आहे ते इथे आहे. आपल्याकडेही एका जुन्या वास्तूचे रूपांतर झाले आहे आणि ते इतके जुने झाले की आपल्याला त्याचे काही वाटतही नाही. राजवाडा! जिथे छत्रपतींचा दरबार होता तिथे सरकारी शाळा भरू लागली. शेजारच्या नव्या राजवाड्यात कितीतरी वर्षे जिल्हा न्यायालय चालले. राजाच्या घरात रयतेची मुले पाटी-दप्तर घेऊन शिरली. ७ नोव्हेंबर १९०० रोजी त्या शाळेच्या पटावर भिवा रामजी आंबेडकर हे नाव चढले. तीच आजची प्रतापसिंह हायस्कूल. २०१७ पासून तो दिवस महाराष्ट्रभर 'विद्यार्थी दिवस' म्हणून पाळतात.

इथेही मी 'वैभव' हा शब्द लिहिणार होतो, पण आबांची आठवण झाली. कारण राजवाड्याची शाळा झाली तरी त्या मुलाला सगळ्यांबरोबर बसायची जागा मिळाली नव्हती. साताऱ्याच्या शाळेत आपल्याला वर्गात वेगळे, गोणपाटावर बसावे लागे आणि शिपाई नसला तर पाणीही मिळत नसे, हे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहे. म्हणजे दार उघडणे ही एक गोष्ट आणि आत गेल्यावर बसायला जागा मिळणे ही दुसरी. कोणत्याही जुन्या वास्तूचे नवे काहीही होवो, शाळा, कचेरी, मॉल, हॉटेल. मी आता दोनच प्रश्न विचारतो. आधी जे आत येऊ शकत नव्हते ते आता येतात का? आणि ज्यांनी ती उभी केली, चालवली, त्यांना आत आल्यावर कुठे बसवले आहे? राजवाड्याने पहिल्या प्रश्नाचे उत्तर बरे दिले, दुसऱ्याचे देता देता निम्मे शतक घालवले. गिरणीच्या मॉलने पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे दिले की, या, सर्वांनी या, खिसा घेऊन या.

हा प्रश्न उद्या आपल्याही दारात येणार आहे. सांगलीचे उदाहरण घ्या. पटवर्धन संस्थानिकांचा गणेशदुर्ग गावाच्या ऐन मध्यावर. संस्थान गेल्यावर राजवाड्याच्या आवारात सरकारी कचेऱ्या नांदल्या. सातबारा, दाखले, तारखा यांसाठी जत-आटपाडीपासूनचा शेतकरी तिथे चकरा मारीत असे. पुढे जिल्हाधिकारी कचेरी विजयनगरला गेली. गावाच्या मध्यावर, बाजाराला लागून असलेली अशी दगडी वास्तू मोकळी होऊ लागली की तिथे काय करायचे, याचे उत्तर सगळ्यात आधी कोणाला सुचते हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. साताऱ्यातल्या वाड्यांचेही तेच. तळमजल्याला गाळे, वर फ्लॅट, दर्शनी भागात जुन्या लाकडी खांबांपैकी दोन खांब शोभेला, आणि नाव 'अमुक वाडा कॉम्प्लेक्स'. गाळे काढू नका असे मी म्हणणार नाही. गाळ्यांवर माझ्या कितीतरी मित्रांची घरे चालतात. पण चौक मोकळा ठेवा. काही विकत न घेता बाजाराला आलेल्या बाईला तिथे घटकाभर टेकता येऊ द्या, पाणी पिता येऊ द्या. एसटी चुकलेल्या माणसाला गोल बागेच्या कठड्यावर बसण्याचे आज कोणी पैसे मागत नाही. तेवढे तरी राहू द्या. आणि भिंतीवर नुसते मालकाचे नाव नको, गवंड्यांचे, पाथरवटांचे, घरातल्या गड्यामाणसांचेही लिहा, मिळतील तेवढे. ही मागणी फार मोठी नाही आणि आपल्या कॉलेजचा इतिहास विभाग मनावर घेईल तर एका उन्हाळी सुट्टीत निम्मे काम होईल. मी स्वतः नावे टिपायला तयार आहे.

एक सांगायचे राहिले. मॉलमधून बाहेर पडल्यावर आम्ही रेल्वे पुलाच्या बाजूला एका कट्ट्यावर बसून भाकरी खाल्ली. आत आबांनी काहीच घेतले नव्हते. परळच्या एसटी स्टँडबाहेर मात्र फुटपाथवरच्या एका टॉवेलवाल्यापाशी ते थांबले. टॉवेल उलटून पाहिला, काठ पाहिला, उन्हात धरला. "इचलकरंजीचा दिसतूय," म्हणाले, "ताणा बरा हाय." मग वीस मिनिटे घासाघीस करून दोन टॉवेल घेतले. गाडी सुटेपर्यंत ते मला त्यातले सूत मोजून दाखवत होते. मला शेवटपर्यंत मोजता आले नाही.